स्त्रियांचे 'गुप्त' रोग : ओळख आणि इलाज

शरीरसंबंधातून पसरणाऱ्या रोगांना आपल्याकडे 'गुप्तरोग' म्हणतात. पुरुषाच्या बाबतीत हे नाव फारसे खरे नाही. परमा झालेल्या पुरुषाला बहुधा आठवड्याच्या आत लघवीच्या जागी आग होऊ लागते, पू येऊ लागतो आणि तो आपण होऊन डॉक्टर शोधत निघतो. जगापासून त्याने रोग लपवला तरी त्याच्यापासून तो लपलेला नसतो. स्त्रीच्या बाबतीत मात्र हे नाव अक्षरशः खरे ठरते. तोच परमा झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या जणींना काहीही जाणवत नाही. क्लॅमिडिया नावाचा जो दुसरा जंतू आहे, त्याची लागण झालेल्या १०० स्त्रियांपैकी ७० जणींना तरी कसलीच तक्रार नसते. रोग खुद्द तिच्यापासूनच गुप्त असतो.

याची दुसरी बाजू अशी की ज्या तक्रारीमुळे बाई घाबरून दवाखान्यात येते ती, म्हणजे 'पांढरे जाणे', बहुतेक वेळा गुप्तरोगाची नसतेच. जिला रोग आहे तिला तक्रार नाही आणि जिला तक्रार आहे तिला हा रोग नाही, असे हे कोडे आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून बेळगावातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायका तपासताना माझी त्याच्याशी रोज गाठ पडते. संपादक मंडळाने 'आरोग्यावर काहीतरी लिहा, आहारावर लिहिले तरी चालेल' असे सुचवले होते. आहारावर लिहिणारे पुष्कळ आहेत. या विषयावर आपल्या भाषेत, आणि तेही महाविद्यालयातल्या मुलामुलींसाठी, कोणी सहसा लिहीत नाही, म्हणून हा विषय घेतला.

आधी पांढऱ्या जाण्याचा विचार करू. मराठी बायका याला 'धुपणी' म्हणतात किंवा नुसते 'अंगावरून जातं' म्हणतात. या दुसऱ्या शब्दात पांढरे की लाल हे कळत नाही, म्हणून आम्हांला तो प्रश्न आधी विचारावा लागतो. कन्नड बायका 'बिळी सेरगु' म्हणतात. शब्दशः अर्थ, पांढरा पदर. दोन्ही भाषांनी आजाराचे नाव न घेता वेळ निभावून नेली आहे!

वस्तुतः योनिमार्ग हा तोंडासारखा किंवा डोळ्यासारखा सदैव ओला राहणारा भाग आहे. वयात आलेल्या प्रत्येक मुलीला थोडा स्राव असतोच. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत, बीज सुटण्याच्या सुमारास, तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पातळ, पारदर्शक होतो आणि बोटांत धरला तर त्याची तार निघते. पुढे तो दाट होतो आणि पाळीच्या आधी पुन्हा थोडा वाढतो. गरोदरपणात तर तो वाढतोच. त्याला घाण वास नसतो, खाज नसते, कपड्यावर वाळला की पिवळट डाग पडतो एवढेच. योनीत लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू राहतात, आपल्या दह्यातल्या जंतूंचे हे भाऊबंद. डोडरलाइन या जर्मन डॉक्टराने १८९२ साली त्यांचे वर्णन केले. हे जंतू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्यामुळे तिथला पीएच ३.८ ते ४.५ असा आंबट राहतो. त्या आंबटपणात बाहेरचे पुष्कळ जंतू तग धरत नाहीत. ज्या बायका तुरटीचे किंवा जंतुनाशक टाकलेले पाणी आत घेऊन 'स्वच्छता' करतात, त्या हा पहारेकरीच धुऊन टाकतात. बाहेरून साधे पाणी पुरे.

आपल्याकडे एक समजूत खोल रुजलेली आहे : पांढरे जाणे म्हणजे हाडे झिजून वाहणे, आणि म्हणूनच कंबर दुखते. चांगल्या शिकलेल्या घरांतल्या मुलींकडूनही मी हे ऐकते. हाड विरघळून योनीतून बाहेर पडण्याचा कोणताही मार्ग शरीरात नाही. बायकांची कंबर दुखते ती पाण्याच्या घागरींनी, वाकून केलेल्या कामाने, रक्त कमी असल्याने, आणि कधी कधी मनाने.

'मनाने' हा शब्द मी सहज लिहिलेला नाही. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात १८ ते ४५ वयाच्या २,४९४ स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००५ आणि २००६ साली प्रसिद्ध झाले. जननमार्गात कोणता ना कोणता जंतुसंसर्ग असलेल्या स्त्रिया २८.३ टक्के निघाल्या. पण त्यांत शरीरसंबंधातून येणारे रोग अवघे ४.२ टक्के होते. बाकीचे, शरीरातल्याच जंतूंचा तोल बिघडून होणारे विकार होते. आणि अंगावरून जाण्याची तक्रार करणाऱ्या बायकांमध्ये जंतुसंसर्गापेक्षा मनावरचा ताण, उदासी, काळजी यांच्याशी त्या तक्रारीचा संबंध अधिक ठळक दिसला. 'मन लागत नाही' असे सांगायला आपल्याकडची बाई डॉक्टरकडे जात नाही. अंगावरून जाते असे मात्र सांगता येते.

याच्या उलट टोकाची पाहणी गडचिरोलीची. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची, तक्रार असो वा नसो, रीतसर तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात ती छापून आली आणि जगभर गाजली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक रोगांपैकी काही ना काही होते. त्यापूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. बाकीच्यांना कोणी विचारलेलेच नव्हते. या दोन पाहण्या शेजारी ठेवल्या की डॉक्टरचे काम किती अवघड आहे ते ध्यानात येते. नुसते ऐकून औषध द्यावे तर चूक, न ऐकावे तर त्याहून मोठी चूक.

ही चूक किती महाग पडते त्याचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी उसाच्या तोडणीसाठी टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि आपल्या भागातल्या कारखान्यांवर येतात. या ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशय काढलेल्यांची संख्या फार आहे अशा बातम्या आल्यावर २०१९ साली महाराष्ट्र शासनाने समिती नेमली. पाहणीतल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायकांना 'पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल' असे सांगितले गेल्याच्या हकिगती तेव्हा पुष्कळ आल्या. पांढरे जाणे हे गर्भाशय काढण्याचे कारण होऊ शकत नाही. ज्या कामाला सात दिवसांच्या गोळ्या पुरल्या असत्या, तिथे शस्त्रक्रिया झाली.

आता प्रत्यक्ष निदानाकडे वळू. मी काय करते ते क्रमाने सांगते, म्हणजे वाचकांपैकी कोणावर वेळ आली तर दवाखान्यात काय होणार हे आधीच ठाऊक असेल.

आधी प्रश्न. रंग कोणता, वास आहे का, खाज आहे का, पाळी कधी आली, संबंधाच्या वेळी दुखते का, संबंधानंतर रक्त दिसते का, लघवीला जळजळते का, नवरा गावात असतो की बाहेर. सासूबाई सोबत असतील तर त्यांना मी बाहेर बसवते. काही जणींना ते आवडत नाही, पण त्याला इलाज नाही. अविवाहित मुलीलाही संबंध आला आहे का हे मी एकांतात विचारते. विचारण्यात दोषारोप नसतो. उत्तर खरे मिळाले तर चाचणी नेमकी ठरते. अठरा वर्षे पूर्ण झालेली मुलगी स्वतःच्या तपासणीला स्वतः संमती देऊ शकते, आणि डॉक्टरने ते गुपित ठेवायचे असते, हे मुलींना सहसा माहीत नसते.

नंतर तपासणी. स्पेक्युलम म्हणून बदकाच्या चोचीसारखे एक साधन असते, त्याने योनिमार्ग हलकेच उघडून आत पाहतात. संबंध न आलेल्या मुलीला हे साधन आम्ही लावत नाही. वेदना फारशी होत नाही, संकोच होतो, आणि तोही पहिल्या वेळी. आतल्या टोकाला गर्भाशयाचे तोंड दिसते. स्राव योनीच्या भिंतींवरून येतो आहे की या तोंडातून, हे पाहणे फार महत्त्वाचे, कारण इथून दोन वाटा फुटतात. योनीच्या भिंतींवरचा विकार बहुधा सौम्य असतो. गर्भाशयमुखातून पू येत असेल तर परमा किंवा क्लॅमिडिया यांचा संशय घ्यावा लागतो. हा भेद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, टेबलापलीकडून नुसते विचारून कळत नाही.

पुढचे काम माझ्या आवडीचे आहे. एक कागदी पट्टी स्रावाला लावली की रंगावरून पीएच कळतो. मग दोन काचपट्ट्या. एकीवर स्रावाचा थेंब आणि मिठाचे पाणी, दुसरीवर थेंब आणि दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड. सूक्ष्मदर्शकाखाली पाच मिनिटांत जे दिसते त्यावर पुष्कळदा निदान पुरे होते आणि खर्च काही रुपयांचाच येतो. तरीही बहुसंख्य दवाखान्यांत हे होत नाही, पाच औषधांची चिठ्ठी तेवढी होते. याचा मला मनापासून राग आहे.

दुसऱ्या पट्टीवर बुरशीचे धागे आणि कळ्या दिसल्या तर तो कॅन्डिडाचा विकार. स्राव फुटलेल्या दुधासारखा गुठळ्यांचा, खाज असह्य, पीएच मात्र नेहमीचाच. हा गुप्तरोग नव्हे. मधुमेह, गरोदरपण, नुकतीच घेतलेली प्रतिजैविके ही याची कारणे. वारंवार होत असेल तर मी रक्तातली साखर पाहते, आणि मधुमेह पहिल्यांदा इथेच सापडल्याची उदाहरणे थोडी नाहीत. क्लोट्रिमॅझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एकच गोळी पुरते. गरोदर बाईला मात्र तोंडाने घ्यायची ही गोळी देत नाहीत.

तीच दुसरी पट्टी नाकाशी नेल्यावर मासळीचा वास भपकन आला, आणि पहिल्या पट्टीवर पेशींच्या कडा जंतूंनी मढून धुरकट झालेल्या दिसल्या, तर तो बॅक्टेरियल व्हजायनोसिस. लॅक्टोबॅसिलस कमी होऊन दुसऱ्या जंतूंनी जागा बळकावली असा त्याचा अर्थ. पातळ करडा स्राव, ४.५ च्या वर गेलेला पीएच, हा वास आणि या पेशी, या चारांपैकी तीन खुणा जुळल्या की निदान पक्के, असा नियम ॲम्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली घालून दिला. मेट्रोनिडॅझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, हा उपचार. हा विकार शरीरसंबंधातून येणाऱ्यांत मोजत नसत. परंतु तो पुन्हा पुन्हा का उलटतो हे कोडे होते. २०२५ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात बाईबरोबर तिच्या जोडीदारालाही औषध दिले, तेव्हा बारा आठवड्यांत विकार उलटण्याचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आले. म्हणजे ही सीमारेषाही आता हलू लागली आहे.

पहिल्या पट्टीवर कधी कधी शेपट्या असलेले नासपतीच्या आकाराचे जीव झटके देत पळताना दिसतात. हा ट्रायकोमोनास. आल्फ्रेड दोने या फ्रेंच डॉक्टराने १८३६ साली तो प्रथम पाहिला. स्राव फेसाळ, पिवळा-हिरवा, आणि सोबत आग व खाज. हा मात्र खरोखर शरीरसंबंधातून येणारा रोग. पट्टी लगेच पाहावी लागते, कारण थंड झाली की जीव थांबतात आणि मग ते नेहमीच्या पेशींत मिसळून जातात. लगेच पाहूनही ही पट्टी शंभरातल्या साठेक रुग्णच पकडते, तेव्हा काही दिसले नाही म्हणून रोग नाही असे म्हणता येत नाही. औषध पुन्हा मेट्रोनिडॅझोलच, पण बाईला सात दिवस आणि नवऱ्याला त्याच दिवशी. नवऱ्याला बहुधा काहीच होत नसते.

यानंतर ते मुके रोग, परमा आणि क्लॅमिडिया. यांत सूक्ष्मदर्शक फारशी मदत करत नाही. पुरुषाच्या पुवाला ग्रामची रंगद्रव्ये लावली की परम्याचे जंतू शंभरातल्या पंचाण्णव वेळा दिसतात. स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या स्रावात जेमतेम निम्म्या वेळा. क्लॅमिडिया तर पेशीच्या आत राहणारा, साध्या रंगांनी न दिसणारा जंतू. यासाठी आता जंतूचे जनुकीय द्रव्य वाढवून ओळखणारी चाचणी निघाली आहे. तिची खूण अशी की बाईने स्वतः योनीत कापसाची काडी फिरवून नमुना दिला तरी ती तितकीच अचूक ठरते, तपासणीच्या टेबलावर झोपण्याची गरज नाही. संकोचाने डॉक्टरकडे न जाणाऱ्या आपल्या मुलींसाठी याहून सोयीचे काय असणार? पण ती महाग आहे आणि मोठ्या प्रयोगशाळांतच होते. परम्याला सेफ्ट्रिॲक्सोनचे एक इंजेक्शन लागते. पेनिसिलिनला तर तो केव्हाच दाद देईनासा झाला, आणि पुढे एकेक औषध त्याने पचवले. क्लॅमिडियाला डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोन वेळा सात दिवस, गरोदर बाईला त्याऐवजी ॲझिथ्रोमायसिन.

इतके करायचे कशासाठी, काही होतच नसेल तर? कारण हे जंतू गर्भाशयमुखात थांबत नाहीत. तिथून वर चढून गर्भाशयात आणि पुढे बीजवाहिन्यांत शिरतात. बीजवाहिनीचे आतले छिद्र सुईच्या नेढ्याहून फार मोठे नसते. तिला सूज आली आणि व्रण भरला की ती आतून चिकटते. स्वीडनमधल्या वेस्ट्रम यांनी अशा स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांप्रमाणे ओटीपोटाची अशी सूज एकदा आलेल्या स्त्रियांपैकी ८ टक्के, दोनदा आलेल्यांपैकी सुमारे २० टक्के आणि तीनदा किंवा अधिक वेळा आलेल्यांपैकी ४० टक्के स्त्रियांच्या बीजवाहिन्या बंद होऊन मूल होणे खुंटले. मूल होत नाही म्हणून जिला नाव ठेवतात, तिच्या नळ्या कोणी आणलेल्या जंतूने बंद झाल्या हा प्रश्न घरात सहसा निघत नाही. नळी अर्धवट चिकटली तर गर्भ तिच्यातच अडकतो आणि नळी फुटून बाईच्या जिवावर बेतते.

ओटीपोटात दुखते, ताप आहे, आतून तपासताना गर्भाशयमुख हलवले की कळ येते, अशी बाई आली तर चाचण्यांची वाट पाहू नये. सेफ्ट्रिॲक्सोन, आणि चौदा दिवस डॉक्सिसायक्लिन व मेट्रोनिडॅझोल लगेच सुरू करावे. मात्र आधी गर्भ राहिला आहे का ते पाहावे. आपल्या देशात आणखी एक पथ्य आहे. बंद नळ्यांमागे क्षयरोगही पुष्कळदा असतो. ज्या बाईला औषधांनी उतार पडत नाही, पाळी कमी कमी होत जाते, तिची क्षयाची तपासणी करावी. नाहीतर नसत्या रोगाचा शिक्का बसतो आणि असलेला रोग वाढत राहतो.

गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा, इतिहास मोठा आहे. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आल्यानंतर सोळाव्या शतकात भावमिश्राने 'भावप्रकाश' ग्रंथात याला 'फिरंग रोग' म्हटले आणि फिरंगी लोकांच्या संगाने होतो असे सांगितले. युरोपात प्रत्येक देश शेजाऱ्याचे नाव देत होता, आपण त्यात मागे राहिलो नाही. इंग्रजांनी १८६८ साली कायदा करून छावण्यांच्या भागातल्या वेश्यांची सक्तीने तपासणी सुरू केली आणि रोगी ठरलेल्या स्त्रियांना 'लॉक हॉस्पिटल' नावाच्या इस्पितळांत डांबले. शिपायांचा रोग आटोक्यात आणायचा होता, कोंडल्या गेल्या बायका. पुढे वीस वर्षांनी, १८८८ साली, तो कायदा रद्द झाला. त्यामागची वृत्ती मात्र अजून पुरती गेलेली नाही.

गरमीची पहिली खूण एक न दुखणारा व्रण. पुरुषाला तो दिसतो. बाईला तो गर्भाशयमुखावर झाला तर कोणालाच दिसत नाही, आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. नंतर अंगावर, तळहातांवर, तळपायांवर न खाजणारे पुरळ येते, तेही जाते. मग वर्षानुवर्षे शांतता. रोग आत असतोच. म्हणून इथे रक्ताची चाचणी हाच आधार. व्हीडीआरएल ही चाचणी आपल्या गरोदर भगिनींना नावाने तरी ठाऊक असते. ती स्वस्त आहे, पण इतर काही आजारांतही खोटी सकारात्मक येऊ शकते. म्हणून टीपीएचएसारख्या दुसऱ्या चाचणीने खात्री केल्यावाचून कोणाच्या कपाळी हा रोग लिहू नये. उपचार मात्र इतका सोपा की नवल वाटावे : रोग नवा असेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटांचे इंजेक्शन एकदा, जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. पेनिसिलिनला हा जंतू आजवर शरण आहे. गरोदर बाईला दुसरे कोणतेही औषध चालत नाही, कारण गर्भापर्यंत खात्रीने पोचणारे हेच. बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी ते मिळाले पाहिजे. म्हणूनच ही रक्तचाचणी पहिल्याच भेटीत करतात. वारंवार गर्भपात, मेलेले मूल, या दुःखांमागे हा एक टाळता येण्याजोगा रोग असू शकतो.

नागिणीच्या जातीच्या विषाणूने होणारे दुखरे फोड ॲसायक्लोव्हिरने लवकर बरे होतात, पण विषाणू शरीरात राहतो आणि ते पुन्हा येऊ शकतात. चामखिळीसारखे कोंब येतात ते एचपीव्ही या विषाणूच्या काही जातींमुळे. त्याच्या दुसऱ्या जातींमुळे, विशेषतः १६ आणि १८ क्रमांकांच्या, गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. इथे आपल्या मुलुखाचे नाव निघते. जुन्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदा केली तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे होतात असे २००९ साली दिसून आले. आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या लसीला २०२२ साली परवानगी मिळाली. लस संबंध येण्यापूर्वीच्या वयात उत्तम काम करते. एचआयव्हीची चाचणी, यांपैकी कोणताही रोग सापडला तर, करून घ्यावीच. सरकारी केंद्रांत ती फुकट होते.

सरकारी व्यवस्थेविषयी थोडे. जिथे प्रयोगशाळा नाही तिथे काय करायचे, यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने लक्षणांवरून उपचार ठरवण्याची पद्धत घालून दिली आणि औषधांची सात रंगांची पाकिटे केली. योनिस्रावाला हिरवे, गर्भाशयमुखाच्या स्रावाला करडे, ओटीपोटाच्या सुजेला पिवळे, असे. जिल्हा रुग्णालयांतल्या या विभागांना 'सुरक्षा क्लिनिक' असे नाव दिले. योजना करणाऱ्यांची बुद्धी मला मान्य आहे. खेड्यातली बाई पुन्हा येईलच याचा भरवसा नसतो, आज दिले ते दिले. व्रणांसाठी आणि पुरुषांच्या पुवासाठी ही पद्धत चांगली चालते. बायकांच्या स्रावाला मात्र ती नीट लागू पडत नाही, आणि कारण वर गोव्याच्या आकड्यांतच आहे. तक्रार करणाऱ्यांत हे रोग थोडे, आणि रोग असणाऱ्यांत तक्रार करणाऱ्या थोड्या. विनाकारण 'लैंगिक रोग' असा शेरा केसपेपरवर बसला आणि तो नवऱ्याने वाचला, तर पुढे घरात काय होते ते डॉक्टरांना दिसत नाही. मी शेरा लिहिण्यापूर्वी दोनदा विचार करते.

शेवटी नवऱ्याचे औषध. हे न झाले तर वरचे सारे फुकट. आपल्या भागातले पुष्कळ पुरुष गोव्यात, पुण्यात कामाला असतात आणि गणपतीला, दिवाळीला घरी येतात. बायको एकटी येते, बरी होते आणि सणानंतर पुन्हा तीच तक्रार घेऊन येते. नवऱ्याला बोलावले तर तो म्हणतो, 'मला काही नाही, औषध तिला द्या.' त्याला काही होत नसणे हीच या रोगाची रीत आहे, हे मी त्याला चित्र काढून समजावते. दोघांनी औषध एकाच वेळी घ्यावे आणि ते संपून सात दिवस होईपर्यंत संबंध ठेवू नये. पुढे निरोध वापरावा.

'हा रोग कोणी आणला?' हा प्रश्न हटकून येतो, बहुधा बायकोकडे पाहत. त्याचे खरे उत्तर चाचणी देत नाही. क्लॅमिडिया किंवा ट्रायकोमोनास महिनोन्महिने, कधी वर्षभरही, निमूट राहू शकतो. आज सापडला म्हणून आजचा आहे असे नाही, आणि ज्याच्यात आधी सापडला तोच आधी आजारी पडला असेही नाही. प्रयोगशाळेचा कागद जंतूचे नाव सांगतो, तारीख सांगत नाही. हे मी दोघांना समोरासमोर बसवून सांगते आणि चिठ्ठीवर दोघांची औषधे एकाखाली एक लिहिते. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणीला बोलावते. त्या वेळी जंतू परत सापडला तर औषध चुकले असे क्वचितच असते. बहुधा दुसऱ्याच्या गोळ्या तशाच डब्यात पडून राहिलेल्या असतात.